धबधब्यावरून वरच्या दोन तळ्यांपर्यंत एका दिवसात जाऊन-येऊन: कधी निघावं, ओढ्याचं काय करावं?

सांजवाट

मंडळी, एका दिवसाच्या डोंगरवाटेबद्दल सल्ला हवाय. गाडीरस्ता २,३०० मीटर उंचीवर संपतो, तिथून चालायला सुरुवात. ३ किलोमीटरवर मोठा धबधबा (२,५५० मी.). त्याच्या डाव्या अंगाने उभा चढ चढला की थोडं पुढे तोच ओढा ओलांडायचा, पूल नाही. ६ किलोमीटरवर पहिलं तळं (३,१०० मी.), ८ किलोमीटरवर वरचं तळं (३,३८० मी.). आल्या वाटेनेच परत, म्हणजे एकूण १६ किलोमीटर. बर्फ वितळायला लागलंय, पण वरच्या तळ्याजवळ अजून पट्टे आहेत असं कळलं.

आम्ही चौघं. तिघं चाळिशीच्या आसपासचे, रोज चालणारे. चौथे काका, वय ५८. चढावर संथ चालतात पण थांबत नाहीत; उतारावर मात्र गुडघे बोलायला लागतात. आदल्या रात्री पायथ्यालाच मुक्काम आहे.

सध्याचा बेत असा: सकाळी ७ ला निघायचं, १ पर्यंत वरचं तळं, तिथे जेवण, जमलं तर एक डुबकी, संध्याकाळी ६ पर्यंत खाली. हे जमण्यासारखं आहे का? पाणी किती न्यायचं? ओढा ओलांडताना नेमकं काय बघायचं?

---

ओढाकाठ

अंतर जमण्यासारखं आहे, वेळा नाहीत. ७ ला निघालात तर परतीला ओढ्याशी पोचायला तुम्हाला साडेतीन-चार होतील, आणि वितळत्या बर्फाच्या दिवसांत ओढ्याला नेमकं तेव्हाच पाणी चढलेलं असतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागू शकतं. जाताना सहज ओलांडला म्हणून येतानाही ओलांडता येईल, हे गृहीत धरून माणसं पलीकडे अडकतात. म्हणून या वाटेचं वेळापत्रक सुरुवातीपासून मांडू नका. परतीला ओढ्यावर किती वाजता असायला हवं ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

आता हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला आडाखा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला १ तास. यात विश्रांती धरलेली नाही आणि चालणारा दमदार धरलाय. चौघांच्या गटाला, त्यातही अडीच हजार मीटरच्या वर, येणाऱ्या आकड्याला दीडने गुणा.

धबधब्यापर्यंत ३ किमी आणि २५० मी. चढ: आडाख्याने १ तास, तुम्हाला दीड तास. तिथून पहिलं तळं ३ किमी आणि ५५० मी.: आडाख्याने दीड तास, तुम्हाला सव्वादोन. वरच्या तळ्याचे शेवटचे २ किमी आणि २८० मी.: पाऊण तासापेक्षा थोडं जास्त, तुम्हाला १ तास २० मिनिटं. निव्वळ चाल झाली पाच तासांच्या वर. धबधब्याशी १५ मिनिटं, ओढा ओलांडायला १० आणि पहिल्या तळ्यावर २५ मिनिटं धरली की जवळजवळ सहा तास.

पहाटे साडेचारला निघालात तर ६ ला धबधबा, पावणेनऊच्या आत पहिलं तळं, साडेदहाच्या सुमारास वरचं तळं. ११ ला परत फिरायचं, म्हणजे दीडच्या आत ओढा पार होतो आणि साडेतीनपर्यंत काकांचे गुडघे सांभाळत आरामात गाडीशी पोचता.

११ ही वेळ पक्की धरा. ११ वाजता तुम्ही वरच्या तळ्यापासून दहा मिनिटांवर असलात तरी तिथूनच फिरायचं. हे निघण्याआधी चौघांनी एकमेकांना मोठ्याने सांगून ठेवा. तळं समोर दिसायला लागल्यावर कुणालाच परतायचं नसतं आणि त्या क्षणी चर्चा करायची म्हटली तर निर्णय नेहमी पुढे जाण्याच्याच बाजूने होतो.

---

कातळकडा

ओढाकाठ यांच्या वेळांना अनुमोदन. वाटेच्या आकाराबद्दल थोडं लिहितो, कारण चढ सगळीकडे सारखा नसणार आणि सरासरी धरून चाललात तर पहिल्या टप्प्यातच दम संपेल.

धबधबा आणि वर तळी, अशी रचना बहुतेक ठिकाणी हिमनदीने कोरलेली असते. मुख्य हिमनदी मोठी, ती दरी खोल खणत जाते. बाजूची लहान हिमनदी तेवढं खणू शकत नाही. बर्फ गेल्यावर लहान दरीचं तोंड मोठ्या दरीच्या भिंतीवर उंचावर अधांतरी राहतं. भूगोलाच्या पुस्तकात हिला लोंबती दरी म्हणतात, आणि तिच्या तोंडातून पडणारं पाणी म्हणजे तुमचा धबधबा. त्याच्या शेजारचा चढ उभा असतो तो यामुळे. वर गेल्यावर दरी पुन्हा सपाट होते, मग कातळाची आणखी एक पायरी, तिच्या माथ्यावर पहिलं तळं. मग परत सपाटी, परत पायरी, आणि अगदी शेवटी तिन्ही बाजूंनी कडे असलेल्या हिमगव्हरात वरचं तळं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. धबधब्यानंतरच्या ५५० मीटरपैकी बराचसा भाग दोन आखूड, उभ्या तुकड्यांत असेल. टॉपो नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटल्यात ते तुकडे आधी हेरून ठेवा. रेषांमधलं अंतर किती मीटरचं आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात दिलेलं असतं, ते बघूनच रेषा मोजा. १० मीटर समजून मोजलं आणि नकाशा ४० मीटरचा निघाला की चढ चौपट होतो. उभ्या तुकड्यावर वेग इतका ठेवा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

दुसरं म्हणजे खोटा माथा. प्रत्येक पायरीची कड खालून शेवटची वाटते आणि 'तळं आलंच' म्हणून माणसं जोर लावतात. कडेवर पोचलं की पुढे आणखी एक कड. उंची मोजणारं घड्याळ किंवा फोन बघा आणि आकड्यावर विश्वास ठेवा: ३,१०० दिसत नाही तोवर पहिलं तळं आलेलं नाही.

तळ्यांच्या मधल्या भागात वाट हरवते. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशींवर पायाचे ठसे उमटत नाहीत, तिथे एकावर एक रचलेले दगड हीच खूण. एका खुणेवरून पुढची खूण दिसल्याशिवाय पहिली सोडू नका. चढताना दर दहा मिनिटांनी मागे वळून बघा, परतीचा देखावा वेगळा असतो. ढग उतरले तर तळ्याच्या काठाने जाता जाता ओढा जिथून बाहेर पडतो ती जागा गाठा, तिथून वाट सापडते. पण ओढ्याच्या पात्रातूनच खाली उतरत सुटू नका, कारण तो ओढा कड्यावरून उडी मारतो आणि त्याचाच धबधबा होतो.

---

सांजवाट

दोघांचेही आभार. साडेचार म्हणजे अंधारात निघणं आलं. नवीन वाटेवर अंधारात चालणं जास्त धोक्याचं नाही का? आणि ओढ्याची पातळी 'ठीक' आहे हे ओळखायचं कसं? आमच्यातला एक जण दोर आणतो म्हणतोय.

---

ओढाकाठ

अंधाराची शंका रास्त आहे. पण पहिले ३ किलोमीटर मळलेली वाट आणि फक्त २५० मीटर चढ आहे. अंधारात चालायचा भाग हाच असेल तर चालतो. आदल्या संध्याकाळी पहिला अर्धा-पाऊण किलोमीटर फिरून या, फाटे बघून ठेवा. हेडटॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र हवा, चौघांत दोन चालणार नाहीत. धबधब्याशेजारचा उभा चढ आणि ओढा मात्र उजाडल्यावरच. साडेचारला निघून सहाला धबधबा, ही वेळ त्यासाठीच आहे. तुमच्याकडे सहाला नीट उजाडत नसेल तर निघायची वेळ तेवढी पुढे ढकला, आणि वर परत फिरायची वेळ मात्र ११ च ठेवा. कमी करायचं तर वरचं तळं कमी करा.

आता ओढा. हे जरा सविस्तर लिहितो.

ऊन चढेल तसं बर्फ वितळतं, ते पाणी घळींतून वाहत खाली यायला वेळ लागतो. म्हणून ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा ओढा सर्वांत मोठा नसतो, त्यानंतर काही तासांनी असतो. सर्वांत कमी पाणी पहाटे. तुमच्या वाटेवर दोन तळी आहेत, ती आलेलं पाणी थोडं धरून ठेवतात, त्यामुळे चढउतार जरा मवाळ होतो. पण यावर विसंबू नका. पहिल्या तळ्याच्या खाली बाजूच्या घळी थेट ओढ्याला मिळतात, त्यांच्या पाण्याला मधे कुणी अडवत नाही. दुपारी ओढ्याचं पाणी गढूळ दिसलं तर ते या घळींचं आहे असं समजा, कारण तळ्यातून येणाऱ्या पाण्यातला गाळ तळ्यातच बसलेला असतो.

सकाळी ओलांडताना पाण्याच्या कडेचा, अर्धा बुडालेला एक ठळक दगड निवडा आणि त्याचा फोटो काढा. परतीला तोच दगड बघा. पूर्ण बुडाला असेल तर आकडा न मोजताही कळतं की पाणी किती वाढलंय.

ओलांडण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: पाय सुटला तर पाणी मला कुठे नेईल? तुमच्या बाबतीत उत्तर 'धबधब्यावर' असं असू शकतं. वाट ओढा ओलांडते ती जागा धबधब्याच्या कडेपासून किती लांब आहे ते नकाशावर आजच मोजा. कडेपासून जवळ असेल तर पाणी घोट्याच्या वर असताना तिथून जाऊच नका, पात्रालगत वर चालत जाऊन सपाट, पसरट जागा शोधा. दुसरी: वेग. एक काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. काटकी तुमच्या नेहमीच्या चालीला मागे टाकत असेल तर ओलांडायचं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून नुसत्या खोलीवर जाऊ नका. तिसरी: खोली. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर नको. काकांच्या गुडघ्याच्या, तुमच्या नव्हे. चौथी: आवाज. पाण्याखालून धोंडे गडगडत गेल्याचा दबका ठोका ऐकू आला तर पाणी कितीही उथळ दिसो, मागे फिरा.

जागा निवडताना अरुंद ठिकाण टाळा. अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. जिथे ओढा फाटून दोन-तीन धारांत वाहतो ती रुंद जागा चांगली. ओल्या धोंड्यांवरून उड्या मारण्यापेक्षा पाण्यात पाय टाकून चालणं कधीही बरं. पहाटे धोंड्यांवर तुषार गोठून काचेसारखा पातळ थर जमतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

पाण्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून मोकळं होता येतं. मोजे काढून सॅकमध्ये कोरडे ठेवा, बूट मात्र पायात हवेत. अनवाणी जाऊ नका: थंड पाण्यात अर्ध्या मिनिटात तळवे बधिर होतात आणि मग पाऊल कुठे टेकलं ते कळत नाही. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, आणि आडवं, किंचित प्रवाहाबरोबर खाली सरकत जायचं. एका वेळी एकच आधार हलवायचा: काठी, मग एक पाय, मग दुसरा. चौघं एकमेकांचे दंड धरून एका ओळीत चाललात तर आणखी बरं. ओळ प्रवाहाला समांतर, सर्वांत ताकदवान माणूस वरच्या टोकाला, काका मधे.

दोर आणू नका. दोराने बांधलेला माणूस पडला की दोर ताणला जातो आणि पाण्याचा रेटा त्याला खाली दाबून धरतो, वर येऊ देत नाही. प्रशिक्षण नसलेल्या गटात दोराने धोका वाढतो.

आणि परतीला पाणी खरंच वाढलेलं दिसलं तर? थांबा. संध्याकाळी आणि रात्री ते उतरतं, पहाटेपर्यंत बरंच कमी होतं. म्हणूनच सॅकमध्ये प्रत्येकाचा गरम थर, चमकत्या पत्र्यासारखी ती आपत्कालीन चादर आणि थोडं जास्तीचं खाणं हवं. एक रात्र कुडकुडत काढणं परवडतं. परतीचा निरोप ज्यांना देऊन जाल त्यांनाही हे सांगून ठेवा: 'अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर ओढ्यापलीकडे असू.' शोधणाऱ्यांचं अर्धं काम त्याने होतं.

---

गारवारा

डुबकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो: नको. काठावर बर्फाचे पट्टे असलेल्या तळ्याचं पाणी जेमतेम काही अंशांवर असतं. अचानक आत शिरलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. पहिल्या मिनिटभर श्वास ताब्यात नसतो. तो सावरला तरी दहाएक मिनिटांत हातापायांची ताकद जाते, पट्टीच्या पोहणाऱ्याचीही. गारठून मरण्याची वेळ येण्याआधीच माणूस बुडतो तो असा. शिवाय अशा तळ्यांचा काठ बऱ्याचदा दोन पावलांत खोल जातो. पाय बुडवून बसायचं असेल तर खुशाल बसा.

वरच्या तळ्यावर तरंगतं किंवा काठाला चिकटलेलं बर्फ असेल तर त्यावर फोटोसाठीही पाय ठेवू नका.

आता उंची. २,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, ३,४०० च्या आसपास दोन तृतीयांश. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो लगेच जाणवत नाही, पोचल्यावर काही तासांनी जाणवतो. एका दिवसाच्या वाटेवर म्हणून तो परतीला किंवा रात्री मुक्कामावर गाठतो. डोकं दुखणं हे मुख्य लक्षण, जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा, गरगरणं. वर जाताना डोकं दुखायला लागलं तर तिथून वर चढायचं नाही. थांबून, पाणी पिऊन उतरलं तर ठीक; वाढत असेल तर खाली. दोन लक्षणांत थांबून बघत बसायचं नाही, लगेच उतरायचं: एक, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता न येणं, दोन, बसलेलं असतानाही धाप लागणं किंवा खोकल्याबरोबर फेस येणं. शक्य असेल तर पायथ्याला एकाऐवजी दोन रात्री काढा, बराच फरक पडतो. काकांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, उंचीवरच्या त्रासाच्या गोळीबद्दलही त्यांनाच विचारा.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे वरचं तळं गाडीपेक्षा सात अंशांनी थंड, वारा वेगळाच. सुती बनियन घामाने भिजला की वर वाळत नाही. सिंथेटिक किंवा लोकरीचा आतला थर घाला. धबधब्याजवळून जाताना पन्नास-शंभर पावलं तुषार अंगावर येतात. तेवढ्यापुरतं पावसाळी जाकीट घाला आणि पुढच्या चढाला लागायच्या आधी काढा. नाहीतर तुषारांपासून वाचाल आणि घामाने भिजाल.

धबधब्याच्या तळाशी बर्फाचा ढीग उरला असेल तर त्यावर चढू नका. पाणी त्याला आतून पोखरतं आणि वरून तो भरीव दिसतो. वरच्या कडेशी जाऊन खाली वाकणंही टाळा. कायम ओल्या कातळावर शेवाळाचा थर असतो, तिथे कोणताच बूट धरत नाही.

---

उंचवटा

पाण्याचं आणि गुडघ्यांचं मी सांगते.

पाणी: चालण्याच्या तासाला अर्धा लिटर असा अंदाज. पहिल्या तळ्यापर्यंत निव्वळ चार तास, म्हणजे माणशी २ लिटर घेऊन निघा आणि पहिल्या तळ्यावर पुन्हा भरा. अकरा तासांचं पाणी पाठीवर वाहायची गरज नाही. पण स्वच्छ दिसतं म्हणून थेट पिऊ नका. वर जनावरं चरत असतील, किंवा आधी येऊन गेलेल्यांनी काठाशीच विधी उरकले असतील, ते पाण्याकडे बघून कळत नाही. नळीचा गाळणारा फिल्टर सर्वांत सोपा, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू त्यातून जातात, म्हणून वर वस्ती किंवा तंबूंचा तळ असेल तर गाळल्यावर क्लोरीन डायऑक्साइडची गोळीही टाका. जिवाणू-विषाणूंसाठी तिला अर्धा तास लागतो, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास. उकळणार असाल तर २,००० मीटरच्या वर पाण्याला ३ मिनिटं खळखळू द्या, कारण वरच्या तळ्याशी ते ८९ अंशांच्या आसपासच उकळतं.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: वापरलेला, ओला फिल्टर एकदा गोठला की आतल्या बारीक नळ्या तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणीही गाळलेलं दिसतं, पण फिल्टर निकामी झालेला असतो. पहाटेच्या थंडीत तो सॅकच्या बाहेरच्या जाळीत ठेवू नका, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. फोनही तिथेच, विमान मोडवर, नकाशा आधी उतरवून घेतलेला. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

हिरवट-निळं, दुधाळ पाणी दिसलं तर त्यात हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ असतं. तसं पाणी फिल्टर पटकन तुंबवतं. भांड्यात थोडा वेळ निवळू द्या, वरचं पाणी रुमालातून गाळा, मग फिल्टरला लावा.

गुडघे: १,०८० मीटर उतार हे काकांचं खरं काम आहे, चढ नव्हे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. ते थकले की धक्का थेट गुडघ्यात जातो. म्हणून दोन काठ्या हव्यातच. चढाला कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतारावर त्यापेक्षा ५ ते १० सेंटीमीटर जास्त. काठ्या आधी टेकायच्या, मग पाऊल. पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. पायऱ्यांसारख्या उंच दगडांवर दरवेळी एकच पाय आधी खाली टाकला जातोय का ते बघा, पाय बदलत राहा. आणि काकांची सॅक उतारावर रिकामी करा. त्यांचं पाणी आणि जाकीट तिघांत वाटून घ्या.

बूट उतारापूर्वी पुन्हा बांधा. टाच मागे ठोकून घोट्याजवळची नाडी घट्ट, बोटांकडची सैल. हे केलं नाही तर तीन तास बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. कुठेही चुरचुरलं तर लगेच थांबून पट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी नुसती समाधानापुरती.

उन्हाचंही घ्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं. म्हणून हनुवटीखाली, नाकाखाली आणि कानांमागेही मलम लावा. काळा चष्मा हवाच.

आणि विधींसाठी पाण्यापासून सत्तर पावलं तरी लांब जा, १५ ते २० सेंटीमीटर खड्डा करा, कागद पिशवीत घालून परत आणा. तळ्याच्या काठाची मऊ, ओली हिरवळ तुडवू नका, दगडांवरून चाला. त्या उंचीवर ती पुन्हा उगवायला वर्षं लागतात.

---

कातळकडा

बर्फाच्या पट्ट्यांबद्दल राहिलं होतं. तुम्ही वरच्या तळ्याशी साडेदहाला असाल, तेव्हा सावलीतला पट्टा अजून टणक असू शकतो. टाच मारून बघा: बूट अर्धा तरी रुतला तर चालता येतं, नुसता चरा उमटला तर नाही. अशा टणक पट्ट्याखाली उतार थेट तळ्यात जात असेल तर बुटाला लावायचे साखळीचे दात असले तरी भागत नाही, वळसा घाला किंवा तिथूनच तळं बघा. उन्हातला पट्टा परतीपर्यंत भुसभुशीत होतो. मोठ्या धोंड्यांच्या अगदी लगत पाऊल टाकू नका, धोंडा तापून भोवतीचं बर्फ आतून वितळवतो आणि पाय कमरेपर्यंत जातो.

विजेचंही सांगतो. ढग उभे वाढायला लागले, माथा फुलकोबीसारखा झाला की ११ ची वाट न बघता निघा. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी असतील तर उघड्यावरून, पाण्याच्या काठावरून आणि एकट्या झाडाखालून बाजूला व्हा, एकमेकांत अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

---

सांजवाट

खूपच उपयोगी. ओढा ओलांडायची जागा नकाशावर मोजली, धबधब्याच्या कडेपासून साधारण ४०० मीटर वर आहे आणि तिथे रेषा विरळ आहेत. साडेचारला निघतोय, दोर रद्द. शेवटचा प्रश्न: काका म्हणतात, मी पहिल्या तळ्यावर थांबतो, तुम्ही तिघं वर जाऊन या. असं चालेल का?

---

ओढाकाठ

४०० मीटर आणि सपाटी, म्हणजे जागा बरी आहे. तरी काटकी टाकून बघाच.

काका थांबले तर चालेल, पण एकटे नकोत. दोघं थांबा, दोघं वर जा. थांबणाऱ्यांकडे सर्वांत जाड जाकीट, बसायला गादीचा तुकडा, खाणं आणि एक शिट्टी. न चालता बसलेला माणूस तीन हजार मीटरवर वीस मिनिटांत गारठतो. जागा ठरवून बसा, तळ्याच्या तोंडाशी, वाटेवरून दिसेल अशी, आणि ती जागा सोडायची नाही. वर जाणाऱ्यांनी ११ ला फिरायचं आणि १२ ला खाली असायचं. १२ वाजता ते आले नाहीत तर थांबणाऱ्यांनी वर शोधायला जायचं नाही. साडेबारापर्यंत थांबून ओढ्याकडे निघायचं, म्हणजे दोघं तरी वेळेत पलीकडे असतील आणि गरज पडली तर मदत बोलावू शकतील. जाताना त्या जागी दगडाखाली वेळ लिहून चिठ्ठी ठेवा.

शिट्टीचा संकेत चौघांना पाठ हवा: मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं ते मिनिटात तीन वेळा. धबधब्याच्या जवळ मात्र शिट्टी ऐकू येत नाही, तिथे चौघांनी एकमेकांच्या नजरेतच राहायचं.